णकाराचे कोडे आणि डॉ. कीलहॉर्न

मंडईतल्या अष्टकोनी इमारतीत आमच्या आजीची एक ठरलेली भाजीवाली होती. तिचा तराजू जुना, दांडीचा. रिकामा धरला तरी त्याचे डावे पारडे थोडे खाली जायचे. म्हणून उजव्या पारड्याच्या साखळीला तिने सुतळीने एक लहानसा दगड बांधून ठेवला होता. याला पासंग म्हणतात, हे मला आजीने सांगितले. लहानपणी मला प्रश्न पडे, की ही बाई तराजू दुरुस्त का करून घेत नाही? एकदा धीर करून विचारलेही. तिचे म्हणणे असे, की हा तराजू तिच्या सासूचा. तो किती झुकतो हे तिला पक्के ठाऊक आहे. नवा आणला तर तो कुठे आणि किती झुकेल ते कोण सांगणार? आजीचे मत मात्र थोडे वेगळे होते. ती भाजी घेण्याआधी दोन्ही पारडी रिकामी करून दांडी सरळ राहते का ते बघायची, आणि मगच वांगी टाकायला सांगायची. पासंग वाईट नव्हे, पण तो कुठल्या बाजूला बांधला आहे ते गिऱ्हाइकाने पाहावे, एवढेच तिचे सांगणे. आता मंडईत जिकडेतिकडे आकडे दाखवणारे विजेचे काटे आले आहेत आणि पासंग हा शब्द आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना माहीत नाही.

हे सारे आठवण्याचे कारण माझा मावसभाऊ. तो संगणकाच्या आज्ञावल्या लिहितो. मी एम.ए.ला संस्कृत, त्यातही व्याकरण घेतले म्हणून त्याला माझी कीव येते. एका रविवारी त्याने मला त्याच्या धंद्यातली एक गंमत सांगितली. माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा एक मध्यस्थ असतो, त्याला कंपायलर म्हणतात. त्याचे काम भाषांतराचे; चुकले तर चूक दाखवायची, एवढेच. सी प्लस प्लस नावाच्या भाषेत टेम्प्लेट म्हणून एक सोय आहे. एकच काम निरनिराळ्या प्रकारच्या सामग्रीवर करायचे असेल तर ते पुन्हा पुन्हा लिहावे लागू नये, एवढ्यापुरती ती केलेली. १९९४ साली त्या भाषेचे प्रमाणरूप ठरवणाऱ्या समितीच्या बैठकीत एर्विन उनरुह या जर्मन गृहस्थांनी एक आज्ञावली मांडली. ती चालतच नव्हती! कंपायलर तिच्यावर चुकांची यादी काढी. पण त्या चुकांच्या निवेदनांत ओळीने दोन, तीन, पाच, सात अशा मूळ संख्या छापून येत. म्हणजे आज्ञावली चालण्यापूर्वीच, नुसते भाषांतर करताना, कंपायलर गणित करीत होता. ही शक्ती त्याला कोणी मुद्दाम दिलेली नव्हती. रचनेत ती नकळत राहून गेली होती. पुढे लोकांनी तिचा इतका उपयोग केला, की ते एक मान्य तंत्र होऊन बसले, आणि २०११ च्या प्रमाणरूपात भाषांतराच्या वेळीच हिशेब करण्याची सरळ सोय भाषेत घालण्यात आली. जी फट होती तिचे दार झाले.

तुमच्या पाणिनीकडे असे काही आहे का, असे त्याने थट्टेने विचारले. मी म्हटले, आहे. आणि ते युरोपला नीट समजावून देणारा माणूस आपल्या पुण्यात पंधरा वर्षे राहून गेला. त्याला त्याचे नाव माहीत नव्हते, यात नवल नाही. पण आमच्या वर्गातही ते नाव पुस्तकाच्या पाठीवरच्या अक्षरांपलीकडे कोणाला ठाऊक नाही असे आढळले, म्हणून हा लेख.

फ्रान्झ लोरेन्झ कीलहॉर्न यांचा जन्म ३१ मे १८४० रोजी जर्मनीतील ओस्नाब्रुक येथे झाला. गटिंगेनला थिओडोर बेनफाय, ब्रेस्लाउला श्टेन्झलर आणि बर्लिनला आल्ब्रेख्त वेबर असे त्या काळचे तीन मोठे संस्कृतज्ञ त्यांना गुरू म्हणून लाभले. यांपैकी वेबर यांच्याशी पुढे त्यांना वाद घालावा लागला. शिक्षण संपल्यावर ते ऑक्सफर्डला गेले आणि मोनियर विल्यम्स यांच्या संस्कृत कोशाच्या कामात त्यांनी हातभार लावला. कोशाचे काम म्हणजे शब्दांची हमाली. पण पायाही तिथेच पक्का होतो. १८६६ मध्ये शांतनवाची फिट्सूत्रे त्यांनी लाइपझिगहून प्रसिद्ध केली. स्वरांवरचा हा छोटा ग्रंथ. विषय बघितला तरी या तरुणाची आवड कोणत्या दिशेची होती ते कळते. काव्यनाटकांत रमणारा हा माणूस नव्हता.

त्याच वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, डेक्कन कॉलेजात संस्कृतचे अध्यापक म्हणून ते पुण्यास आले. मुंबईहून पुण्याला बोरघाटातून सलग आगगाडी येऊ लागून तेव्हा तीनच वर्षे झाली होती. आजची मंडई तेव्हा नव्हती. भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरे. मंडईची इमारत १८८६ साली उभी राहिली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. (नगरपालिकेत ज्या जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला, त्यांचेच नाव पुढे त्या इमारतीला देण्यात आले. पुण्याच्या इतिहासात असे योग बरेच आहेत.) कीलहॉर्न तोवर पुणे सोडून गेलेले होते. तेव्हा ते मंडईत भाजी घेताना दिसले असतील अशी कल्पना करण्याचा मोह मला आवरावा लागतो.

मंडईपासून पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर विश्रामबागवाडा आहे. पेशवाई बुडाल्यावर तीन वर्षांनी, १८२१ साली, इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा काढली. डेक्कन कॉलेजचे मूळ ते. १८६८ पासून कॉलेज येरवड्याच्या बाजूच्या नव्या दगडी इमारतीत गेले, पण शास्त्री मंडळींचे पुणे ते हे, पेठांतले. या पुण्यात व्याकरणाची एक जिवंत परंपरा होती. तिचा उगम काशीचा. अठराव्या शतकात काशीला नागेशभट्ट, ज्यांना नागोजीभट्ट असेही म्हणतात, हे थोर वैयाकरण होऊन गेले. उपनाव काळे, म्हणजे घराणे आपल्याकडचेच. त्यांचे शिष्य वैद्यनाथ पायगुंडे. पेशवाईच्या उत्तरार्धात ही विद्या निळकंठशास्त्री थत्ते यांच्यामुळे पुण्यात रुजली. थत्त्यांचे शिष्य भास्करशास्त्री अभ्यंकर यांनी ती साताऱ्यास नेली. आणि भास्करशास्त्र्यांच्या हाताखाली तयार झालेले अनंतशास्त्री पेंढारकर यांच्याजवळ कीलहॉर्न शिकले. युरोपात बोथलिंक यांनी पाणिनीची अष्टाध्यायी १८३९-४० मध्येच छापली होती, सूत्रे सर्वांना उपलब्ध होती. पण सूत्रे हाती असणे वेगळे आणि ती कशी चालवायची हे ठाऊक असणे वेगळे. ते ज्ञान छापील नव्हते, ते शास्त्र्यांच्या तोंडी होते. सव्विशीतल्या जर्मन प्राध्यापकाने हे ओळखले आणि तो पुन्हा विद्यार्थी झाला. मला या माणसाबद्दल पहिला आदर वाटला तो इथे.

नागेशभट्टांचा परिभाषेन्दुशेखर हा ग्रंथ त्यांनी हाती घेतला. मूळ १८६८ साली आले आणि टीपांसह इंग्रजी भाषांतर १८७४ पर्यंत पुरे झाले. ब्यूलर आणि कीलहॉर्न या दोघांनी सुरू केलेल्या मुंबई संस्कृत ग्रंथमालेच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत ते आहे. याच ग्रंथमालेत दोघांनी मिळून पंचतंत्र काढले, ते कॉलेजातल्या मुलांसाठी. परिभाषेन्दुशेखर मात्र मुलांसाठी नव्हे. परिभाषा म्हणजे सूत्र कसे वाचावे हे सांगणारे सूत्र, नियमांचे नियम. नागेशाने अशा सव्वाशेच्या आसपास परिभाषा तपासल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा पाणिनीने कुठेही स्पष्ट सांगितलेल्या नाहीत. मग त्या पाणिनीच्याच कशावरून? येथे आपण मूळ मुद्द्याशी येतो.

सर्वनाम हा शब्द घ्या. मराठी चौथीपाचवीतल्या मुलालाही तो येतो. आता शूर्पणखा हे नाव आठवा. शूर्प आणि नख मिळून झालेल्या या नावात नखातल्या न चा ण झाला, कारण पूर्वपदात र आहे आणि शब्द संज्ञा म्हणजे विशेष नाव आहे. हा पाणिनीचा नियम. सर्व आणि नाम मिळून झालेली सर्वनाम हीसुद्धा संज्ञाच, आणि सर्व मध्ये र आहेच. तेव्हा पाणिनीच्या नियमाने तो शब्द सर्वणाम असा व्हायला हवा! पण खुद्द पाणिनीने ही संज्ञा देणाऱ्या सूत्रात न च लिहिला आहे. आचार्य स्वतःच्याच नियमात चुकले, असे म्हणून आपण मोकळे झालो असतो. कात्यायनाने तसे म्हटले नाही. त्याने म्हटले, की आचार्यांनी ज्या अर्थी येथे हे रूप उच्चारले त्या अर्थी येथे ण होत नाही असे समजावे. याला निपातन म्हणतात. नियमकर्त्याचा अपवाद हाच नियम झाला आणि अडीच हजार वर्षे सगळा देश सर्वनाम म्हणत आला.

दुसरे उदाहरण णकाराचे. अष्टाध्यायीच्या आधी चौदा शिवसूत्रांत वर्णमाला वेगळ्या क्रमाने मांडलेली आहे. प्रत्येक सूत्राच्या शेवटी एक व्यंजन केवळ खुणेसाठी असते. एक वर्ण आणि त्यापुढची एक खूण घेतली की मधले सगळे वर्ण एका शब्दात बांधले जातात. अच् म्हणजे सारे स्वर, हल् म्हणजे सारी व्यंजने. अजन्त, हलन्त हे शब्द आपण येथूनच घेतले. किती सुबक व्यवस्था! पण तिच्यात एक व्यंग आहे. पहिल्या सूत्राची खूण ण् आणि सहाव्या सूत्राचीही ण् च. त्यामुळे अण् म्हटले की अ, इ, उ हे तीनच घ्यायचे, की सर्व स्वर आणि ह, य, व, र, ल हेही घ्यायचे, ते कळत नाही. इण् चेही तेच. जो माणूस अर्ध्या मात्रेची बचत झाली तर घरात मुलगा झाल्याइतका आनंद मानणाऱ्यांच्या कुळातला, त्याला दुसरी एखादी खूण सुचू नये? व्यंजनांचा काय दुष्काळ पडला होता?

पतंजलीने हा प्रश्न अगदी याच रोखाने महाभाष्यात घातला आहे आणि त्याचे उत्तर मोठे अजब आहे. ण् पुन्हा वापरणे ही चूक नव्हे, ती खूण आहे. आचार्य तिने आपल्याला काही सुचवत आहेत. काय? तर नियमात संदेह आला म्हणून नियम टाकून द्यायचा नसतो. परंपरेने केलेल्या व्याख्यानावरून त्याचा नेमका अर्थ ठरवायचा. आणि व्याख्यान असे, की अण् पहिल्या ण् पर्यंतच घ्यावा, फक्त एका सूत्रात दुसऱ्यापर्यंत. इण् मात्र नेहमी दुसऱ्यापर्यंत. नागेशाच्या ग्रंथातली ही पहिली परिभाषा आहे. वैगुण्यातून संपूर्ण शास्त्राची चावी काढली, आणि तीही दाराशीच ठेवली. माझ्या मावसभावाला हे सांगितले तेव्हा तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, की त्यांच्याकडे असे काही सापडले तर दोनच वाटा असतात, दुरुस्ती करणे किंवा ते वैशिष्ट्य आहे असे पुस्तिकेत छापणे. पतंजलीने दुसरी वाट धरली, हे त्याला फार आवडले.

या युक्तीला ज्ञापक म्हणतात. पाया असा, की पाणिनीच्या ग्रंथात एक अक्षरही वायफळ नाही. मग एखादे अक्षर वायफळ दिसले तर ते काहीतरी सांगत असलेच पाहिजे. विश्ववाह् शब्दाचे द्वितीयेचे अनेकवचन विश्वौहः असे होते. यासाठी वाह् मधल्या व चा नेहमीच्या रीतीने उ केला, त्याचा गुण होऊन ओ झाला आणि मागच्या अ शी मिळून औ झाला, की काम भागते. असे असताना पाणिनीने येथे एक खास दीर्घ ऊ, ठ् ची खूण लावून, वेगळा सांगितला. का? कारण आपण वर केलेला हिशेबच त्याला मान्य नाही. व चा उ होणे हे बाहेरच्या प्रत्ययावर अवलंबून आहे आणि गुण हे आतले काम आहे. आतले काम चालू असताना बाहेरचे घडलेलेच नाही असे धरायचे. तेव्हा उ नाही, म्हणून गुणही नाही, म्हणून खास ऊ हवा. अंतरंग आणि बहिरंग यांची ही प्रसिद्ध परिभाषा. आधी घरातले, मग दारचे. व्याकरणातल्या शेकडो रूपांची वाट तिने मोकळी होते, आणि तिचा पुरावा काय, तर एक अधिक झालेला ऊकार.

येथे कोणीही शहाणा माणूस थांबून विचारील, की ही शुद्ध लबाडी नाही का? चूक दिसली की ती मुद्दाम केली म्हणायचे, म्हणजे आचार्य कधी चुकणारच नाहीत! ही शंका मलाही आली होती आणि अजून ती पुरती गेलेली नाही. पण शास्त्र्यांनी ज्ञापकाला बंधन घालून ठेवले आहे, ते सांगितले पाहिजे. प्रथम, ते अक्षर खरोखरच व्यर्थ आहे हे सिद्ध करावे लागते. मग त्यावरून परिभाषा काढायची. ती मानल्यावर तेच अक्षर व्यर्थ राहता कामा नये, त्याला काम मिळाले पाहिजे. आणि शेवटी, या परिभाषेचा दुसरीकडे कुठेतरी उपयोग दाखवावा लागतो. नुसत्या त्या एका अक्षराची अब्रू राखण्यासाठी परिभाषा काढता येत नाही. मला यात आजीची परीक्षा दिसते. दगड बांधला तर बांध, पण रिकाम्या पारड्यांनी दांडी सरळ करून दाखव आणि मग दुसऱ्याचीही भाजी त्याच तराजूने तोल. आणि ज्या पतंजलीने पाणिनीचे अक्षरही वाया जात नाही असे धरले, त्यानेच कित्येक सूत्रे अनावश्यक म्हणून मोडीतही काढली आहेत. तो भक्त होता, पण आंधळा नव्हता. उत्तरकालीन टीकाकारांविषयी मात्र तेवढ्या खात्रीने बोलवत नाही. त्यांच्यातल्या काहींना प्रत्येक शब्दात खुणा दिसू लागल्या. पासंगाचा दगड मोठा होत गेला की शेवटी दगडच विकला जातो.

कीलहॉर्न यांची थोरवी मला वाटते ती येथे. त्यांनी या पद्धतीची टवाळी केली नाही आणि तिच्यापुढे डोळेही मिटले नाहीत. परिभाषेन्दुशेखराच्या भाषांतरात त्यांनी शास्त्री जे म्हणतात ते शास्त्र्यांच्याच वाटेने, एकेक पायरी न गाळता, इंग्रजीत उतरवले. ज्यांनी नागेशाची एक ओळ लावण्याचा प्रयत्न केला आहे त्यांना हे काम काय आहे ते ठाऊक आहे. दीडशे वर्षांनंतरही आम्ही मुले अडलो की तेच भाषांतर उघडतो. पण त्यानंतर त्यांनी दुसरा प्रश्न हाती घेतला: हे कोण म्हणाले? पाणिनी, कात्यायन, पतंजली आणि पुढचे टीकाकार यांचे म्हणणे एकात एक मिसळून गेले होते. ते सुटे करायचे होते.

युरोपात तेव्हा दोन मते जोरात होती. लंडनचे गोल्डश्टुकर यांनी १८६१ साली पाणिनीवर मोठा ग्रंथ लिहून कात्यायन हा पाणिनीचा प्रतिस्पर्धी, त्याच्या चुका काढायला बसलेला, असे मांडले होते. आणि कीलहॉर्न यांचे गुरू वेबर यांना महाभाष्याच्या संहितेविषयीच शंका होती. मधल्या काळात महाभाष्याचे अध्ययन लोपले आणि पुढे ते पुन्हा प्रचारात आणले गेले अशा कथा राजतरंगिणीत आणि वाक्यपदीयात आहेत. त्यांवरून आज मिळणारा ग्रंथ मूळचा नसावा, असा वेबर यांचा कल. हा वाद वरवरचा नव्हता. वेबर खरे असतील तर पतंजलीच्या आधाराने भारताच्या इतिहासाचा जो काळ ठरवला जात होता तोच डळमळीत होणार होता. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीही या वादात वेबर यांच्याविरुद्ध लेखणी उचलली होती.

कीलहॉर्न यांनी १८७६ साली कात्यायन आणि पतंजली यांच्यावर एक छोटे पुस्तक मुंबईस छापले. पाने थोडी, पण घाव वर्मी. कात्यायनाची वार्तिके एकेक तपासून त्यांनी दाखवले, की सगळी वार्तिके म्हणजे चुकांची यादी नव्हे. कुठे तो पाणिनीवर येऊ शकणारा आक्षेप स्वतःच काढतो आणि स्वतःच खोडतो. कुठे सूत्र नेमके काय सांगते ते उकलतो. कुठे भर घालतो. आणि जिथे दोष आहे तिथे दोष आहे असे म्हणतो. पतंजलीही कात्यायनावर तसेच करतो. म्हणजे सर्वनामातल्या न ला निपातन म्हणणारा कात्यायन आणि पाणिनीत भर घालणारा कात्यायन एकच. चूक कोणती, राहून गेलेले कोणते आणि खूण कोणती, याचा निवाडा प्रत्येक ठिकाणी नव्याने करणारा परीक्षक असे त्याचे रूप या पुस्तकातून उभे राहते. मला तर हे चित्र शत्रूच्या आणि भक्ताच्या चित्रापेक्षा जास्त माणसासारखे वाटते.

महाभाष्याच्या संहितेचा प्रश्न केवळ लेख लिहून सुटण्यासारखा नव्हता. काशीच्या पंडितांनी १८७२ साली महाभाष्य शिळाप्रेसवर छापले होते. गोल्डश्टुकर यांनी सुरू केलेली हस्तलिखिताची हुबेहूब प्रत त्यांच्या मरणानंतर १८७४ मध्ये लंडनला निघाली होती. पण निरनिराळ्या प्रांतांतली हस्तलिखिते ताडून, वार्तिक कुठे आणि त्यावरचे भाष्य कुठे हे वेगळे दाखवणारी प्रत नव्हती. ती कीलहॉर्न यांनी केली. हस्तलिखिते गोळा करण्याच्या सरकारी कामासाठी ते आणि ब्यूलर मुंबई इलाख्यात फिरत होतेच. मध्य प्रांतातल्या हस्तलिखितांची त्यांनी केलेली यादी १८७४ ची आहे. महाभाष्याचा पहिला खंड १८८० मध्ये, दुसरा १८८३ मध्ये आणि तिसरा १८८५ मध्ये आला. वेबर यांच्या शंकेला याहून चांगले उत्तर कोणते?

या पंधरा वर्षांत डेक्कन कॉलेजात कोण कोण शिकून गेले हे पाहिले म्हणजे मौज वाटते. मंडईजवळ ज्यांचा पुतळा आहे ते लोकमान्य टिळक, निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर, आगरकर, कोशकार वामन शिवराम आपटे. एकीकडे हे तरुण नव्या महाराष्ट्राची जुळणी करीत होते आणि त्याच इमारतीत एक जर्मन गृहस्थ णकारावर आणि ऊकारावर डोके खपवीत होता. आपट्यांचा अपवाद सोडला तर दोन्हींचा फारसा संबंध आला नाही, याची मला थोडी खंत वाटते.

१८८१ च्या अखेरीस कीलहॉर्न यांनी पुणे सोडले. त्यांची जागा भांडारकरांना मिळाली, जी खरे तर त्यांना बरीच आधी मिळायला हरकत नव्हती. पण तो वेगळा विषय आहे. बेनफाय नुकतेच वारले होते, त्यांच्या जागी गटिंगेनला कीलहॉर्न गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. तिथे त्यांनी शिलालेख आणि ताम्रपट यांचे प्रचंड काम केले. उत्तर आणि दक्षिण भारतातल्या लेखांच्या त्यांच्या याद्या इतिहास विभागातल्या मित्रांना माहीत असतील. कलचुरी किंवा चेदी संवताचा आरंभ इसवी सन २४८ मध्ये धरावा हे त्यांनीच हिशेबाने पक्के केले. तिथि, वार आणि वर्ष यांचा मेळ बसतो ते लेख एकीकडे आणि बसत नाही ते दुसरीकडे, अशी त्यांची मांडणी. वार जुळला नाही म्हणून लेख बनावट असे ते लगेच म्हणत नसत. व्याकरणात अंगी भिनलेली सवय, दुसरे काय! १८९८ साली ब्यूलर बोडन सरोवरात बुडून गेले, तेव्हा त्यांनी सुरू केलेल्या भारतविद्येच्या विश्वकोशाचे संपादनही कीलहॉर्न यांच्या अंगावर आले. १९ मार्च १९०८ रोजी गटिंगेन येथे त्यांचे निधन झाले.

आता थोडे त्यांच्या मागे राहिलेल्याविषयी. त्यांनी आणि इतरांनी गोळा केलेली सरकारी हस्तलिखिते डेक्कन कॉलेजात होती, ती १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे पुढच्या वर्षी सोपवण्यात आली. त्याच संस्थेने गेल्या शतकाच्या सातव्या दशकात कीलहॉर्न यांचे महाभाष्य आणि परिभाषेन्दुशेखर पुन्हा सुधारून छापायला घेतले. वाचनालयात मला मिळालेली प्रत त्याच आवृत्तीची. संपादक काशीनाथ वासुदेव अभ्यंकर. हे महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांचे चिरंजीव. वासुदेवशास्त्र्यांनी महाभाष्याचे मराठीत भाषांतर केले. आणि वासुदेवशास्त्री हे साताऱ्याच्या भास्करशास्त्री अभ्यंकरांचे नातू. ज्या भास्करशास्त्र्यांचे शिष्य अनंतशास्त्री पेंढारकर, आणि अनंतशास्त्र्यांचे शिष्य कीलहॉर्न. साताऱ्याहून निघालेली विद्या पेंढारकरांच्या मुखाने एका जर्मनाकडे गेली, छापली गेली, जगभर फिरली, आणि शंभर वर्षांनी तिच्यातल्या राहिलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी पुन्हा अभ्यंकरांच्याच घरी आली. त्या प्रतीत पेन्सिलीने कोणीतरी जुन्या विद्यार्थ्याने पहिल्या परिभाषेपाशी समासात एक ण् काढून त्याभोवती वर्तुळ केले आहे. मी ते खोडले नाही.